डोक्याकडं जड

"सिंगल का डबल?" रियाज शिकलगारनं विचारलं.
डबल.
"पुढं का मागं?"

भाऊसिंगजी रोडवरच्या त्या बोळाएवढ्या दुकानात
मी गपच झालो.
हे चौदा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.
चौदा वर्षं मी पुढं, जाळीला नाक लावून.
मागं वृषाली मगदूम.

पुढच्यानं मागं वळून बघायचं नसतं,
बघितलं की शटल डोळ्यात.
म्हणून खेळताना ती कशी दिसते मला ठाऊक नाही.
मला तिचा बूट ठाऊक आहे, डावा, वळताना चिरकणारा.
मारायच्या आधी ती श्वास गिळते तो ठाऊक आहे,
मग माझ्या कानावरनं काहीतरी सूं करून जातं
आणि पलीकडच्या दोघी फरशीकडं बघत राहतात.
थोरलीचं ठरलेलं लग्न मोडलं, ते तिनं सांगितलं नाही.
त्या आठवड्यात तिचे सगळे फटके जाळीत आले,
माझ्या पाठीमागनं, एकापाठोपाठ एक.
मीही विचारलं नाही. शटल उचलून देत राहिलो.

आता तिचा खांदा गोठलाय.
वेणी थोरलीच घालून देते.
डॉक्टर म्हणाले, हात डोक्याच्या वर न्यायचा नाही.
ती म्हणाली, "मग मी येतो पुढं. तू जा मागं.
रॅकेट बदल तेवढी,
तुझी ती माश्या मारायची हाय."

रियाजचा आजा गल्लोगल्ली
विळ्या-कात्र्यांना धार लावत फिरायचा.
हा तारा ओढतो.
नखानं तार छेडतो, कान देतो,
नाही पटली तर पुन्हा सोडतो.
त्यानं एकेक रॅकेट बोटावर आडवी ठेवली.
पहिली मुठीकडं कलली. "ही तुमची जुनी सवय."
दुसरी मधोमध थांबली. त्यावर तो काही बोलला नाही.
तिसरी डोक्याकडं गेली, हळू,
दुपारच्या बँकेत डुलकी लागलेल्या शिपायासारखी.
"त्र्याऐंशी ग्रॅम. सात तोळं धरा.
गुजरीत गेला असता तर घर विकाय लागलं असतं,
हितं बत्तीसशे."

हवेत फिरवली. पंख्याला लागता लागता राहिली.
मनगट म्हणालं, हे आपलं काम नव्हं.
मी मधलीकडं बघितलं.
मधली दोन्हीकडं चालेल,
आणि उद्या तिचा खांदा सुटला तर
आपण परत आपलं पुढं

रियाजनं मशीन थांबवलं.
"ताई, मधली नेणारी माणसं
दोन महिन्यांत परत येत्यात."

डोक्याकडं जड घेतली.
तारा चोवीसला ओढ म्हटलं, तो बावीसवर अडला.
"आधी खांद्याला विचारा, मग मला सांगा."
भगवी ग्रिप नको म्हटलं, काळी दिली.
पिशवी खांद्याला लावून गाडीवर येताना
उगाच मागं मागं ओढल्यासारखं होत होतं.

टाकाळ्याचा हॉल. सहाला दहा कमी.
ट्यूबलायटी अजून फडफडत होत्या.
वृषाली पुढं जाऊन उभी राहिली
आणि मला तिची पाठ दिसली.
वाकडी वेणी. मानेवर एक तीळ, कुणाच्या लक्षात नसलेला.
डाव्या बुटाचा तळ बाहेरच्या अंगाला झिजलेला.
म्हणजे तो आवाज तिथनं यायचा होय.

सर्व्हिस झाली. शटल उंच आलं, माझं.
मी "माझं" म्हणायचं विसरलो.
सात तोळं वर नेलं, श्वास गिळला
आणि नेमकं तेव्हा तिनं वळून बघितलं.

"पुढं बघ!"

शटल तिच्या कानशिलावर.
पलीकडच्या दोघी जाळी धरून हसाय लागल्या.
ती कान चोळत तशीच माझ्याकडं बघत राहिली,
मग रॅकेटकडं.
"लागतीया," म्हणाली. "चांगली लागतीया."