कोमट

हँडसेट तीन मिनिटांत मान टाकायला लागला
तेव्हा आईनं तो टेबलावर आपटून बघितला,
पूर्वी रेडिओ आपटायची तसा.
मी मागचं झाकण काढलं.
निळ्या कागदात गुंडाळलेले तीन सेल,
एकाच्या टोकाला हिरवट बुरशी,
आणि मधला फुगलेला,
आजोळी राहून आलेल्या पोरासारखा.

लक्ष्मीपुरीत दस्तगीर मुल्लाणींचं दुकान,
म्हणजे जिन्याखालचा कोनाडा.
त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला,
ओठ हलवत लेबल वाचलं:
निकेल मेटल. तीन पूर्णांक सहा व्होल्ट. सहाशे.
“सहाशेच्या जागी आठशे चालंल.
व्होल्ट आन् जात मात्र हीच पायजे.”
जात म्हणाले, आणि स्वतःच हसले.
“आमच्या धंद्यात तेवढी एकच जात बघावी लागते.”

मी म्हणाले, मोबाइलची लिथियमची बसवा की,
ताकद दांडगी असते.
“ताकद हाय, खरं आवरणार कोण?
तुमचा हा चार्जर जुन्या मास्तरागत,
रात्रभर एकच धडा घोकून घेतोय.
लिथियमला शिकवायला गेला तर शाळा पेटंल.”

मग मी पर्समधून ती दुसरी काढली,
कोपऱ्यावरच्या गाड्यावरून घेतलेली,
चाळीस रुपयांची, वर तीन हजार छापलेलं.
त्यांनी ती तळहातावर तोलली,
गुळाचा खडा पारखावा तशी.
“एवढ्याशा पोटात तीन हजार?
कागदावर काय, लाखबी छापता येतंय.”

नवी दिली. पण आधी प्लग माझ्यासमोर धरला:
“बसतोय म्हणून बसवायचा न्हाई.
तांबडी वायर कुठल्या अंगाला हुती, ते बघायचं.”
जुनीच्या टोकांना चिकटपट्टी लावून
ती डालड्याच्या डब्यात टाकली.
“बंबात घालू नये कधी. एकानं घातली हुती.”
तो एक कोण, ते त्यांच्या अर्ध्या भुवईनं सांगितलं.
“पयल्यांदा सोळा तास लावून ठेवा.
कोमट लागली तर लागूंदे.
चटका बसला, की काढायची.”

सोळा तास.
आण्णा खुब्याच्या ऑपरेशननंतर बाहेरच्या खोलीत,
आई आत, कुकरच्या आवाजात.
एरवी ते बटण दाबून चहा मागतात.
त्या दिवशी चमच्यानं तांब्या वाजवत राहिले.
“ह्याला रेंज चांगली आहे,” आई म्हणाली,
पण तिसऱ्या वेळेनंतर म्हणाली नाही.

रात्री पाणी प्यायला उठले.
शाहूपुरीच्या वखारींतून गुळाचा वास येत होता,
आणि अंधारात एकच तांबडा ठिपका.
आई तिथं उभी. हाताची मागची बाजू हँडसेटला लावलेली.
मग तोच हात, तसाच उलटा, आण्णांच्या कपाळावर.
“कोमट आहे,” म्हणाली.
दोघांपैकी कोण, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला ठिपका हिरवा झाला.
आण्णांनी चादरीला हात पुसून बटण दाबलं.
दोन भिंतींपलीकडे आईनं हातातलं पीठ झटकलं
आणि नेहमीसारखंच, घाईत विचारलं,
“कोण बोलतंय?”