पावागड मधोमध

शौनक घोरपडे गाडी घेऊन आला तेव्हा
मकरपुऱ्यात दुपारची पाळी सुटत होती.
छोटी गाडी, पुढच्या चाकांवर चालणारी,
बॉनेटखाली आता टर्बो,
सात महिन्यांच्या पगाराएवढा.
म्हणाला, काका, दाबली की उजवीकडे पळते.
स्टिअरिंग हातातून हिसकावून घेते,
जसं काही तिलाच कुठे जायचंय.

मी म्हटलं, उद्या पहाटे ये.

हालोल रस्त्यावर, जरोदच्या अलीकडे,
उजाडताना पावागड समोर उभा असतो.
दुसऱ्या गिअरमध्ये त्याने पाय दाबला
आणि डोंगर काचेच्या मधून निघाला,
सरकत सरकत डाव्या खांबाआड गेला.
डोंगर हलत नाहीत, एवढं मला ठाऊक आहे.

गाडी लिफ्टवर घेतली, खाली उभा राहिलो.
सगळं कारखान्यातून निघतं तसंच:
इंजिन आडवं, गिअरबॉक्स डावीकडे रेटलेला,
म्हणून डावा शाफ्ट आखूड, उजवा लांब,
आखुडाचा कोन तिरका, लांबाचा सपाट.
साठ घोड्यांना हे चालून जातं.
दीडशे आले की हिशोब निघतो.

मला हे कुणी समजवायला नको.
माझा डावा पाय सव्वा इंच कमी आहे,
तिसऱ्या वर्षी ताप आला तेव्हापासून.
हळू चाललो तर पत्ता लागत नाही.
बस पकडायला धावलो
की अख्खा डेपो बघतो.

आधी स्वस्तातली कामं.
दोन्ही टायरांत हवा सारखी केली.
खालच्या आर्मचे बुश बघितले,
रबर शिळ्या भाकरीसारखं बोटाला सुटून आलं.
नवे बसवले, घट्ट.
बाहेर काढलेली रुंद चाकं उतरवायला सांगितली,
शौनकचं तोंडही उतरलं.
अरे, चाक जितकं बाहेर
तितका रस्त्याचा हात लांब, स्टिअरिंग ओढायला.
मग पहिल्या दोन गिअरांतला बूस्ट कमी करवला,
तेव्हा तर तो दोन दिवस बोललाच नाही.

शेवटी कनुभाई पंचालकडे गेलो.
ग्रीसच्या डब्याच्या झाकणावर खडूने काढून दाखवलं:
उजव्या बाजूला मधे एक जादा शाफ्ट,
त्याला धरायला बेअरिंग,
बेअरिंगचा ब्रॅकेट इंजिनाच्या ब्लॉकवर.
तिथून पुढे दोन्ही बाजू सारख्या.
कनुभाईने माझ्या पायाकडे बघितलं,
लहेरीपुऱ्याच्या मोच्याने डाव्या तळव्याखाली
चामड्याचे चार थर चिकटवलेला बूट.
"आ तो तारो बूट छे," म्हणाला.
मी म्हटलं, उलटा. इथे लांब पाय कापतोय.
तो लेथ पुसत राहिला बराच वेळ.
मग म्हणाला, कापत नाहीस,
गुडघा पुढे सरकवतोयस.

तीनदा डायल लावला.
दोनदा सुई थरथरली, दोनदा त्याने शिवी दिली,
एक मला, एक पोलादाला.
तिसऱ्यांदा सुई निजली.

शनिवारी पुन्हा जरोद.
दुसरा गिअर. पाय.
स्टिअरिंग तळहातात जरा कुरकुरलं,
आणि पावागड काचेत मधोमध राहिला.
खरं सांगायचं तर बोटभर डावीकडे.
शौनक म्हणाला, अजून थोडी ओढते.
म्हटलं, ओढणार.
ज्या चाकांनी वळायचं त्यांनीच पळायचंही,
मग घरात थोडी कुरबुर राहतेच.
डिफरन्शियलचे पैसे साठव, मग बघू.
तोवर दोन्ही हातांनी धर, पण गळा धरल्यासारखं नको.

चहाची टपरी पलीकडे होती.
ट्रक येत होता, म्हणून मी धावलो.
तोही धावला,
माझ्या डाव्या बाजूने.

चहात आलं जास्त होतं.