टाकीचं झाकण

साडूची गाडी.
गोव्याला जाताना आमच्या शेडमध्ये ठेवून गेले.
"रोज नुसती चालू करून बंद कर," म्हणाले होते.
नुसती.

वडगावच्या बोळात, हातगाडीवरून
आडव्या चाललेल्या मागाच्या बीमचं टोक
डाव्या दारावरून वीतभर फिरलं.
बीमवाला पोरगा म्हणाला, "हॉर्न द्यायचा की वो."
बायकोनं घेतलेला श्वास
टिळकवाडीत पोचल्यावर सोडला.

रविवारी यल्लोजीराव येणार.
ही गाडी ते तान्ह्या बाळासारखी पुसतात,
कानामागंसुद्धा.

उद्यमबागेत शिवलिंग मारिहाळचं दुकान.
डब्यांच्या अंगावर वाळलेले ओघळ,
मधोमध सोनाराकडे असतो तसा काटा.
मी म्हटलं, "चंदेरी."
त्यानं मान वर केली नाही.
दाराच्या फटीतला नंबर कागदावर उतरवून नेला होता,
तो पुढं केला.
"हा कारखान्यातनं निघाली तवाचा रंग.
त्यावर नऊ उन्हाळं गेलं. मुच्चळ ता."
मग मीच दोन स्क्रू काढून
टाकीचं झाकण त्याच्या हातावर ठेवलं,
तळहातात मावणारी साडूची गाडी.

त्यानं चंदेरीत काळा घातला. मग पांढरा.
मग काडीच्या टोकावर हिरवा.
"हिरवा?"
"हाय की. तुमाला दिसत न्हाई, त्याला मी काय करू?"
पत्र्याच्या तुकड्यावर ओढून ट्यूबखाली धरला: जुळला.
दाराबाहेर उन्हात नेला: नाही.
समोरून तोच, तिरका केला की राख.
परत आत. पिवळा, अर्धा थेंब.
अर्धा थेंब कसा पाडतात
ते या वयात पहिल्यांदा पाहिलं.
थेंब कानडीत मोजत होता,
शिव्या मराठीत देत होता,
आणि चौथ्या खेपेला उन्हातून आत आलाच नाही,
तिथूनच बोट हलवलं: या.

दोन बाटल्या, नखपॉलिशएवढ्या. एक रंगाची, एक नुसत्या चकाकीची.
"पेट्रोलनं पुसा. दोन हजारचा पेपर पाण्यात भिजवून
चऱ्यापुरताच फिरवा. ब्रश नको,
आगकाडीला टोक काढा.
भरायचं, रंगवायचं न्हाई.
एक थर, मग जेवून या. मग दुसरा."

शनिवारी रात्री आम्ही तीनदा जेवलो म्हणायला हरकत नाही.
बायकोनं बॅटरी धरली.
तिसरा थर बसला का बघायला तिनं उजेड तिरका केला,
तर त्याच दारावर, खाली कडेला,
ओळीनं पाच ठिपके.
किंचित फुगीर, किंचित गुलाबी,
घाईघाईनं एकाच हातानं दिलेले.

तिनं वाकून पाहिलं.
"ही ताईची हाय," म्हणाली,
"गेल्या दिवाळीत लावलेली, मोतिया."
आणि बॅटरी बंद केली.

अंधारात बराच वेळ कोणी काही बोललं नाही.
मग तिनंच नखानं एकेक पापुद्रा काढला,
मी आगकाडीला नवं टोक केलं.
रंग उरलाच होता.

रविवारी यल्लोजीराव गाडीभोवती फिरले,
दोन्ही हात पाठीमागं बांधून.
"धुतलीस व्हय? उगाच कशाला."
टाकीचं झाकण उघडून बघितलं, बंद केलं.
रेणुकाताई आधी दाराच्या खालच्या कडेकडं बघत होत्या,
मग वाकून चपलेचा पट्टा नीट करत होत्या,
तो नीटच होता.
मग माझ्याकडं बघितलं. मी आकाशाकडं.

जाताना काजूचं पाकीट बहिणीच्या हातात देत
अगदी हळू म्हणाल्या,
"त्यातला रंग उरलाय काय गं थोडा?
मागच्या बाजूला पण हाय एक."