टेबल की खिडकी

बायण्याच्या चढावर, तिसऱ्या मजल्यावर
आठ पेले मांडलेत, नववा जरा उंच.
अर्धं पाणी, वर खोबरेल, कापसाची वात.
एवढं झालं, तरी माझं ठरत नाही :
टेबलावर ठेवू, की खिडकीत?

शास्त्र म्हणतं, दारात ठेवा, रस्त्याला दिसू दे.
आणि लगेच, आवाज खाली आणल्यासारखं :
दिवस धोक्याचे असतील तर टेबलावर.
तेवढं पुरे.

जुन्या गोव्यात गेले की ते 'पुरे' ऐकू येतं.
घर नाही, पाटी नाही.
शनिवारी ज्या चुलीतून धूर निघाला नाही
ती चूल पकडली गेली, म्हणतात.
वात कुठे लपवली असेल त्यांनी?

आमचे तेव्हा वर, रेवदंड्याकडे,
घाण्याला बैल जुंपून. शनिवार तेली.
शेमा तेवढी तोंडपाठ,
हनुकाची गोष्ट ठाऊकच नव्हती.
गलबत फुटलं तेव्हा ती घडायची होती अजून.
म्हणजे बघा, तेल आमच्याकडे
आणि चमत्कार भलतीकडे.

सासरे हसायचे यावर.
"तेल्याला विचार. इतक्या तेलाला इतकाच वेळ."
मग वात जरा खाली ओढून,
"पण एका दिवसाची कुपी हाती आल्यावर
ज्यानं हिशेब न करता काडी ओढली,
तो तेली नव्हता, एवढं नक्की."

हनुका म्हणजे नुसतं नव्यानं सुरू करणं.
विटाळलेलं घर धुऊन काढून
पहिल्यांदाच राहायला आल्यासारखं.
सणाला लढाईचं नाव दिलं नाही कुणी,
हे मला बरं वाटतं.

आज पाचवी रात्र.
या उजेडात शिवायचं नाही, पैसे मोजायचे नाहीत,
नुसतं बघायचं.
मला कुठली सवय! बंदराच्या टेलिफोनवर
चाळीस वर्षं दुसऱ्यांचे आवाज जोडत बसले.

उचलते एकेक पेला. खिडकीत.
तिसरा वाऱ्यानं विझतो.
विझला तर पुन्हा लावायलाच हवा असं नाही,
हेही शास्त्रच सांगतं.
लावते.

खाली आर्मिंडा नाताळचा कागदी तारा टांगतेय.
मान वर करून ओरडते,
"सिम्हाबाय, तुमचो तारो खंय?"
"तारा नाही गं, दिवे आहेत."
"कसले?"

वर ये, म्हणते.
गोष्ट लांबची आहे, आम्हालाही उशिरा कळलेली.
टेबल आता रिकामं झालंय.
दोन बशा काढते.