तारली

उपकेंद्राच्या ग्रंथालयात यंत्र आलं
ऐन मतलईच्या दिवसांत.

मिरकरांची शाहीन टाइप करते :
रत्नागिरीत तारली कमी का झाली?
यंत्र नम्र. क्षणात देतं
तारे, तारण, तारतम्य
आणि मोक्षावरचा एक प्रबंध.

दाऊदमामू खुर्ची सरकवतात.
तिसरं कपाट, खालचा कप्पा,
खाऱ्या हवेनं फुगलेला
एकोणऐंशीचा टंकलिखित अहवाल.
नाव वाळवीनं खाल्लेलं,
यंत्राला दिसणार कसा?

संध्याकाळी मामू एका बोटानं
शिकवत बसतात त्याला :
तारली म्हणजे मासा.
बांगडा नव्हे.

सकाळी, वीज आल्यावर,
यंत्र अचूक सांगतं :
कपाट तीन, कप्पा खालचा.

कप्प्यात फक्त
धूळ नसलेला एक चौकोन.

अहवाल शाहीनच्या पडवीत,
जाळ्याशेजारी उघडा.
अब्बा त्यातल्या आकड्यांशी
भांडतायत.