तीन किलो, कोरडे

प्रफुल्ल नेहेते दुकानात तीन मशीनी ओळीने मांडतो
आणि बोलतो असा, जणू स्थळं दाखवतोय.

ही घडीची. रबराची बादली,
मिटली की जेवायच्या ताटाएवढी.
दोन बनियन, चार रुमाल;
तिसरा बनियन टाकला की मोटर कण्हते.

ही एका टबाची. तळाला खाचांची चकती,
थोडं उजवीकडे, दम, थोडं डावीकडे.
चकती काही धूत नाही, ताई,
ती नुसती भांडण लावून देते,
कपडे एकमेकांना घासून घेतात.

ही दोन टबांची. एकात धुणं, दुसऱ्यात पिळणं.
सोळाशे रुपये जास्त, आणि फरशी सपाट नसेल
तर पिळताना चालत दारापर्यंत जाते.

आणि आपोआप चालणारी?
तो बेसिनच्या नळाकडे बघतो.
सावद्याचा नळ तिच्या हुकमाने यायचा नाही, ताई.

मी केळीच्या शेडमध्ये वजनं लिहिते.
तीन किलो म्हटल्यावर मला विचारावंच लागतं:
ओले की कोरडे?
कोरडे, तो जरा हळू म्हणतो.

दुसऱ्या दिवशी डब्याच्या पिशवीत धुणं घेऊन गेले,
घडांच्या काट्यावर ठेवलं.
हेमकांतचे तीन शर्ट, सातशे ग्रॅम.
माझ्या दोन साड्या, साडेनऊशे.
सोलापुरी चादर एकटीच दीड किलो.
हमाल हसले. मी वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं.

एका टबाची आणली.
मे महिन्यात इथे पिळायचं यंत्र कशाला?
शेवटच्या कपड्याला चिमटा लावेस्तोवर
पहिला पापड झालेला असतो.

आठ दिवसांत तिचा स्वभाव कळला.
पाणी आधी, कपडे नंतर.
नळी वर अडकवायची विसरलात
तर इकडून ओता, तिकडून मोरीत.
खाली सोडली की टब आपोआप रिकामा,
त्यात वीज नाही, नुसता उतार.
खळबळलेलं दुसरं पाणी बादलीत धरायचं,
तेच पुढच्या घाण्याचं पहिलं.
जाळीच्या पिशवीत रोज सापडतो
आमच्या कपड्यांचा थोडाथोडा भुगा.

केळीच्या चिकाचे डाग गेले नाहीत.
पंधरा मिनिटं फिरवले, तीस फिरवले.
घड कापणाऱ्याच्या शर्टाला ते असायचेच,
पाण्यासारखे लागतात, सकाळी तपकिरी होतात.
पावडरच्या पुड्यावरची बाई
सावद्याला आलेली नसावी.

मग आषाढ गेला, श्रावण लागला.
दोरीवर चार दिवस तेच शर्ट,
खोलीला ओल्या पोत्याचा वास.
हेमकांत गाडीबरोबर दिल्लीला,
आणि चादर टबातून निघाली ती
बुडालेल्या माणसासारखी जड.
एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं, पीळ घातला.
गज हलला. मनगटात कळ आली.

समोरच्या दारात रशीदा तडवी तांदूळ निवडत होती.
मेपर्यंत आमचे कपडे तीच धुवायची,
महिन्याला साडेतीनशे.
मशीन आली त्या दिवशी मी तिला
सांगितलं नव्हतं काही,
फक्त धुणं बाहेर ठेवलं नाही.

ती उठली. सूप कट्ट्यावर ठेवलं.
गजाची गाठ सोडून ते टोक हातात घेतलं.
ती उजवीकडे, मी डावीकडे.
आमच्या मध्ये चादरीचा दोर झाला,
पाणी आधी धारेने, मग थेंबांनी.

वीज किती खाते? तिने विचारलं.
दोन पंख्यांएवढी.
आणि पाणी?
चार बादल्या.

मी तीनमध्ये करायचे, ती म्हणाली,
आणि टोकाला आणखी एक पीळ दिला
इतका जोरात
की मला दोन पावलं पुढे जावं लागलं.