चौदा नंबरचा सांधा

चौदा नंबरचा सांधा ऐकेना.
मंगळवारची रात्र, बाहेर उणे सव्वीस,
डुलुथपासून तासभर उत्तरेला
लुथरन चर्चच्या तळघरात आम्ही पाच जण
आणि कॉफीचं ते जुनं गळकं भांडं.

पडद्यावर सगळं जागच्या जागी होतं.
तळाशी हिरवट पार्श्वभूमी,
तिच्यावर रुळांच्या काळ्या रेघा,
रेघांवर सांधे, त्यांच्याही वर सिग्नल आणि स्टेशनांची नावं.
प्रत्येक चित्राला पातळी नेमून दिलेली:
एक, तीन, सात, नऊ.
आकडा मोठा तो वर. वरचा खालच्याला झाकतो.
घरोघरची रीत, त्यात शिकायचं काय.

एल्डन म्हणाला, वायर तुटली असणार.
टॉर्च दातांत धरून टेबलाखाली सरपटत गेला
आणि अर्ध्या तासाने निघाला
भुवयांवर प्लास्टरचा बर्फ घेऊन.
"मोटर ठणठणीत आहे. हाताने ढकलला
तर लोण्यासारखा वळतो."
माझे गुडघ्यांचे सांधे तसे वळते
तर मीच गेले असते खाली.
म्हणून मला खुर्ची दिली, माउस दिला.

खाणीच्या दवाखान्यात पस्तीस वर्षं मी एक्स-रे काढले.
एवढं कळतं मला:
दुखतं एकीकडे, असतं भलतीकडे.

एकेक चित्र उचलून बाजूला ठेवत गेले.
शेवटी राहिला सिग्नलचा टॉवर,
लीलंड वुओरीने स्वतः रंगवलेला,
नखाएवढा, खिडकीत पिवळा ठिपका.
नखाएवढाच, पण क्लिक केल्यावर
भोवती चौकट उमटली पंजाएवढी.
टॉवर सोडून बाकी सगळी जागा पारदर्शक,
काही म्हणजे काही नसलेली,
आणि तीही नवव्या पातळीवर.
त्या नसण्याखालून चौदा नंबर स्वच्छ दिसत होता
आणि त्याच्यासाठीची प्रत्येक क्लिक
ते नसणं गिळून बसत होतं.

तीन आठवडे.
आम्ही वायरीला शिव्या घातल्या, मोटरला, थंडीला,
तोंडातल्या तोंडात लीलंडलाही.

नऊ खोडून पाच लिहायचे, एवढंच काम.
बोट घसरलं, शून्य पडलं,
टॉवर पार्श्वभूमीच्याही खाली गेला. गायब.
शोधायला म्हणून मी पार्श्वभूमीच दोन मिनिटं लपवली.

खाली टॉवर होता.
एकटा नव्हता.

हेरॉन पॉइंटचा अख्खा फाटा होता तिथे.
लोहखनिजाचा धक्का, त्याची बारा पन्हाळी,
वळणावरचे तीन सांधे, पाण्याची टाकी,
बोटीचं नाव सुद्धा, तिरक्या अक्षरांत.

गेल्या नोव्हेंबरात चार विरुद्ध तीन मतांनी
आम्ही तो फाटा उखडला.
लीलंडने अकरा हिवाळे घालवलेले त्यावर.
तो म्हणाला होता, ठरलं ते ठरलं,
पडद्यावरूनही मीच काढतो.
रात्री उशिरापर्यंत इथेच बसला होता,
मग तळघराची किल्ली टेबलावर ठेवली, कानटोपी घातली.

काढलं नव्हतं. एकेकाला धरून
शून्यावर नेऊन ठेवलं होतं.
चव्वेचाळीस चित्रं. मी मोजली.
सगळी एकदम हलवायची सोय आहे. त्याने ती वापरली नसावी,
ओळ किंचित वाकडी होती.

चौथं मत माझं होतं.

कॉफी टिपटिप गळत राहिली.
ब्रेंट, कॉलेजातला पोरगा, म्हणाला,
"याने फाइल जड होते. पुसून टाकू?"
एल्डनने भुवयांवरचा बर्फ झटकला
आणि म्हणाला, जड होऊ दे.

मी पार्श्वभूमी परत लावली. टॉवरला पाच दिले.
चौदा नंबरवर क्लिक.
टक्.
टेबलावरचा खरा सांधा वळला
आणि सोळा डब्यांची मालगाडी, गेले तीन आठवडे अडलेली,
कुरकुरत बाजूच्या लाइनीला गेली.

नोंदवहीत लिहिलं:
टॉवर, नऊवरून पाचवर.
शून्य पातळीला हात लावू नये.
लीलंडला फोन करून विचारणे,
चित्राची रिकामी कड कापून लहान कशी करतात.

मला येते ती. तरी.